झाकणाची टोपली

३ नोव्हेंबर, सोमवार

कुलूप काढलं तर घरात कोंडलेला वास. सगळ्या खिडक्या उघडल्या. राजारामपुरीचा आवाज आत आला — रिक्षा, क्लासला जाणारी पोरं, खालचा भाजीवाला. बरं वाटलं. मग एकदम नाही वाटलं.

दिवाळीला पुण्याला गेलतो, अवनीकडं. आणखी राहणार होतो, पण जमलं नाही. अकराव्या मजल्यावर सकाळी उठून माणसानं करायचं काय? गॅलरीत उभं राहिलं की खालची माणसं मुंगीएवढी. हाक मारायची तरी कुणाला?

निघताना अवनी म्हणाली, "बाबा, एकट्यानं तिकडं कशाला राहायचं आता? फ्लॅट विका आणि इकडंच या. आई आहेच." मी मीनाकडं बघितलं. ती सईचा भात कुस्करत होती. मान वर केली नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली ती, अवनीच्या बाळंतपणाला. तीन महिन्यांत येते म्हणालेली. मग अवनीची रजा संपली. मग सईला दात आले, मग ताप, मग ती चालायला लागली — आणि चालायला लागलेल्या नातीला सोडून कोण येतं! जावई चांगला आहे. अवनी चांगली आहे. कुणाचंच काही चुकलं नाही. तेच अवघड आहे.

एक गोष्ट बघून आलो. मीनाच्या साड्या अजून बॅगेतच आहेत. पलंगाखाली बॅग. रोज वाकून बाहेर ओढायची, रोज आत सरकवायची. कपाटं सगळी सईच्या सामानानं भरलेली. तिला तिथं स्वतःचा एक कप्पा नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमटी खारट झाली. कुणी नावं ठेवली नाहीत. तशीच खाल्ली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गणपतराव आला होता. एसटीत माझा कंडक्टर. गडहिंग्लज गाडीवर आम्ही वर्षानुवर्षं बरोबर काढली, मी स्टेअरिंगवर आणि तो मागं बोंबलत. अजून तसाच बोलतो, जसा काही मी चाळीस माणसांच्या पलीकडं बसलोय.

"अंबादास, हे काय तोंड करून बसलाईस? वहिनी गेल्यापास्नं नुसता घड्याळाकडं बघत असतोस. गाडी चालवशील का परत?"

"एसटी देणाराय का कोण मला?"

"एसटी न्हाय, टेम्पो. जयसिंगपूरकडं माझ्या मेव्हणीच्या गावात बायका तळ्यातल्या जलपर्णीच्या टोपल्या करत्यात. माल कोल्हापूरच्या दुकानांत पोचवायला माणूस पायजे. आठवड्यातनं दोन दिवस."

"जलपर्णीच्या? त्या कुजक्या घाणीच्या?"

"जाऊन तर बघ की."

हो म्हणालो. इथं बसून तरी काय करतोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात शिरायच्या आधी तळं लागतं. मला आधी मैदानच वाटलं — हिरवंगार, वर जांभळी फुलं. जवळ गेलो तर खाली पाणी. एका कडेची जलपर्णी बायकांनी ओढून काढलीय, तेवढ्याच पाण्यात आभाळ दिसतं. बाकी सगळं झाकलेलं.

हे टोपल्यांचं काम एक संस्था चालवते, तिची तेजस्वी म्हणून मुलगी तिथलं सगळं बघते. ती म्हणाली, काका, ह्याच्याखाली ऊन पोचत नाही. मासे मरतात, पक्षी उतरत नाहीत. म्हणून काढायची. आणि काढून फेकायची नाही, देठ वाळवून टोपल्या विणायच्या. बायकांच्या हाताला गावातच काम, आणि तळं मोकळं.

जुन्या शाळेच्या खोलीत बायका बसतात. वाळलेल्या देठांना पाण्याचा हात लावून मऊ करायचं, त्यांच्या वेण्या घालायच्या — पोरींच्या केसांच्या घालतात तशाच — आणि साच्याभोवती विणत वर न्यायचं. कांदे ठेवायच्या टोपल्या, कपड्यांच्या, खेळण्यांच्या. कुजका वास कुठंच नाही. वाळल्या गवताचा, उन्हाचा वास.

मी भराभर उचलून टेम्पोत टाकायला लागलो. मागून आवाज आला.

"ओ पावणं! टोपल्या हायत त्या, ऊस न्हाय. हळू ठिवा."

ही ताजबी. सगळ्यांची म्होरकी. साठीची असेल, नाकात चमकी, हातावर ओरखडे. एसटीत एवढी वर्षं काढली, साहेबसुद्धा असं बोलला नव्हता. गुमान एकेक उचलून ठेवली.

रस्त्यात मात्र हात आपोआप हलका पडला. खड्डा आला की मागं बघत होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओ कॉल झाला. सई फोन हातात घेते आणि सोडत नाही. तिचं नाक दिसतं, मग छत, मग परत नाक. "आबा, आबा" करते. गोड आहे पोर.

मीना पलीकडून फोन धरून असते. मला तिचा हात दिसतो. बांगड्या, मनगट. कधी कान. एकदा पदर दिसला, निळा. आवाज येतो, "जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." ती म्हणते, "औषध?" मी म्हणतो, "घेतलं." मग सई फोन पाडते.

दीड वर्षात फोनवर मी तिचा चेहरा किती वेळा बघितला असेल?

टेम्पोचं तिला सांगितलं नाही. सांगायला जागाच सापडली नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माल तयार नव्हता. बसून राहावं लागलं. ताजबीचा नवरा लालासाब अंगणात देठ उलटेपालटे करत होता. एक पाय ओढत चालतो. त्याच्याशी किती बोलणार — तो बोलतच नाही. म्हणून आत जाऊन बायकांचं विणणं बघत बसलो.

ताजबी म्हणाली, "नुसतं बघू नगासा, नजर लागंल. हे घ्या, येणी घाला." आणि तीन देठ हातात दिले.

घातली. सगळ्या हसल्या. वेणी कसली, दोरखंड झालं.

"बाप्या मानसाचं हात," ताजबी म्हणाली, "लाकडागत."

पण काढून घेतली नाही. म्हणाली, "सोडा आन् परत घाला."

५ डिसेंबर, शुक्रवार

ठरवलं. मीनासाठी एक टोपली करायची. झाकणाची. साड्या ठेवायला. ती बॅग रोज ओढायला नको.

कुणाला सांगितलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

घडी घातलेली साडी किती लांब-रुंद असते हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि ठाऊक नव्हतं. सकाळी कपाट उघडून तिची एक साडी काढली, टेपनं मोजली. मग घडी जागेवर ठेवायचं जमेना. हातात धरून तिथंच पलंगावर बसलो. टेम्पो घेऊन पोचायला उशीर झाला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तळ ठीक आला. पण भिंत वर जाताना एका अंगाला कलली. ताजबीनं हातात घेतली, डोळा बारीक करून बघितली आणि उसवायला लागली. मी म्हटलं, "अहो, चालतंय की तेवढं."

"दुकानातल्या मानसाला चालतंय. बायकूला देणार तर न्हाय चालत."

"कुणी सांगितलं बायकोला देणार म्हणून?"

सगळ्या माना खाली घालून हसायला लागल्या. तेजस्वीसुद्धा. गावभर कळलंय म्हणजे. कान तापले माझे. पण वाईट नाही वाटलं. घरी येताना गाडीत एकटाच हसलो.

२ जानेवारी, शुक्रवार

आज तळ्यावर थोडी वादावादी झाली. मुंबईच्या एका दुकानाची मोठी ऑर्डर आलीय, देठ कमी पडतायत. म्हणून आतल्या बाजूची जलपर्णी ओढायला घेतली. आणि तिथं टिबुकलीचं घरटं निघालं. टिबुकली म्हणजे बदकाचं लहान भावंडच, मूठभर, सारखं बुड्या मारणारं. कुजक्या पानांचा तरंगता ढीग, त्यात अंडी. पाखरू जाता जाता पानांनी झाकून गेलं होतं, म्हणून आधी दिसलंच नाही.

एक बाई म्हणाली, अलगद ढकलू बाजूला. तेजस्वी म्हणाली, हलवलं तर ती परत येईल का सांगता येत नाही. आता काय करायचं? ऑर्डर वेळेत गेली नाही तर पुढची मिळणार नाही, ही भीती सगळ्यांनाच. ताजबी बराच वेळ पाण्यात उभी होती. मग म्हणाली, "ह्यो तुकडा ऱ्हाऊ दे. पल्याडनं काढूया. लांब पडंल, पडू दे."

पल्याडचं ओढून आणायला सगळ्यांचं कंबरडं मोडलं. मीही पँट वर करून उतरलो. जलपर्णी ओढायची म्हणजे काय असतं ते कळलं — खाली मुळं एकमेकांत अशी गुंतलेली की एक ओढावी तर सगळं तळंच हलतं.

९ जानेवारी, शुक्रवार

टोपली झाली. झाकण अगदी बसलं. ताजबीनं फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाली, "व्हय. आता दिली तरी चालंल." एवढंच. पण मला मेडल मिळाल्यासारखं झालं.

आत तिळगुळाचा डबा ठेवला. चिठ्ठी लिहायला बसलो. काय लिहायचं? "मीना, साड्या ठेवायला पाठवत आहे." पुढं सुचेना. चिठ्ठी फाडली. चिठ्ठीशिवायच दिली. स्वारगेट गाडीवरचा डायवर ओळखीचा आहे, त्याला म्हटलं, पायाशी ठेवू नको, वर ठेव. जावयाला, वरदला स्टँडवर घ्यायला सांगितलंय, मीच केलीय तेही सांगितलं.

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. टोपलीला निरोप द्यायला आलेला माणूस कधी बघितला नव्हता कुणी.

११ जानेवारी, रविवार

मीनाचा फोन. स्वतःहून.

"मिळाली टोपली."

"कशी आहे?"

"चांगली आहे." मग थोड्या वेळानं, "आता कपडे ठेवायला झालं."

"मीच केली."

"हो. वरदनं सांगितलं."

झालं. सई उठली म्हणून फोन ठेवला.

मला काय वाटलं होतं? काय म्हणणार होती ती? माहीत नाही. पण हे नव्हतं वाटलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अवनीनं मेसेज केला, तिळगुळाच्या चित्राचा. मीनाचा फोन नाही.

२० जानेवारी, मंगळवार

फोन नाही. मी केला, वरदनं घेतला. "आई सईला घेऊन खाली बागेत गेल्यात." बरं म्हटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

टेम्पो भरून झाला तरी मी निघेना. ताजबीनं चहा दिला. आता ती मला डायवर म्हणते, पावणं म्हणत नाही.

"टोपली पोचली न्हवं?"

"पोचली."

"मग तोंड का असं?"

सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण सगळं सांगितलं. बाळंतपण, बॅग, बांगड्यांचा हात, "चांगली आहे". ती ऐकत वेणी घालत होती.

"तुमी तिला ये म्हणलाईसा का कधी?"

"तिला कळत नाही का?"

"म्हणलाईसा का?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तिनं बाहेर लालासाबकडं हनुवटीनं दाखवलं. "हे गवंडीकामाला गोव्याला गेलतं. मी म्हणायची, मी वाट बघत्या हे ह्यास्नी कळत न्हाय व्हय? ह्यास्नी वाटायचं, ही बलवत न्हाय म्हंजे हिचं बरं चाललंय. वर्सं गेली की ओ. दोगंबी गप."

"मग?"

"मग पाय मोडून घ्येतला आन् आलं. पाय मोडला म्हणून आलं! न्हायतर अजून तितंच असतं." आणि हसली. मग हसायची थांबली. "मानूस म्हंजे टिबुकली न्हाय डायवर. बुडी मारायची आन् कुटं वर यील त्ये दुसऱ्यानं वळखायचं. तोंड दिलंय देवानं."

बाहेर लालासाबनं सगळं ऐकलं असणार. देठ उलटत होता, तो उलटतच राहिला.

२५ जानेवारी, रविवार

दोन दिवस तेच डोक्यात. ये म्हणू का?

म्हटलं तर ती येईल. ती नाही म्हणणारी बाई नाही, हेच तर आहे. मग सईचं काय? अवनीची नोकरी? दोन्हीकडून तिचीच ओढाताण. आजवर सासूसाठी राहिली, मग पोरीसाठी, माझ्या डबल ड्युटीसाठी. आता परत मीच "ये" म्हणू?

नाही. तिला हलवायचं नाही. मीच जातो. तिथं अकराव्या मजल्यावर तर अकराव्या मजल्यावर.

२७ जानेवारी, मंगळवार

अवनीला फोन केला. "फ्लॅट काढूया विकायला." ती रडलीच. "बाबा, खरंच? आईला सांगू?" म्हटलं, थांब, नक्की होऊ दे, मी सांगतो. दलालाला गाठलं. राजारामपुरीतली जागा, गिऱ्हाईक लगेच मिळेल म्हणाला.

मग गाडी काढून उगाच सगळीकडं फिरून आलो. बाजार, स्टँड, डेपोचं गेट. गेटवर कुणी ओळखलं नाही. नवीन पोरं आहेत सगळी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एक जोडपं घर बघून गेलं. लग्न होऊन वर्ष झालेलं नसावं. ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "हितं ऊन छान येतंय." मीना पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती. मी गॅलरीत गेलो.

त्यांना पसंत आहे. गुरुवारी दलाल कागद घेऊन येतोय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दलालाचं लांबलं, पुढच्या गुरुवारी येणार. तेवढंच.

टेम्पोचा शेवटचा दिवस. बायकांना सांगितलं. तेजस्वीनं विचारलं, "काका, तिथं करमेल?" म्हटलं, बघू.

ताजबी मला तळ्यावर घेऊन गेली. आता निम्म्याच्या वर पाणी मोकळं आहे. मधोमध बदकं बसलेली, कुठून कुठून आलेली. आणि त्या राखलेल्या तुकड्याच्या कडेला टिबुकली. पाठीवर पिलं. एक, मग पंखातून आणखी एक डोकं.

"तर मग," ताजबी म्हणाली, "ये म्हणला न्हाईसाच."

"मीच चाललोय की."

"त्येबी तिला इचारलं न्हाईसाच."

लालासाब फाटकापर्यंत पाय ओढत आला. टेम्पोच्या दाराला हात लावून उभा राहिला. पहिल्यांदाच बोलला माझ्याशी. "जावा. जाऊन ऱ्हावा." बस्स.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मीनाला सांगितलं. फोन सईच्या हातात नव्हता आज, तिचा चेहराच दिसत होता. वाळलीय. डोळ्यांखाली काळं आलंय. मी बघतच राहिलो आणि बोलायचं विसरलो.

"काय हो?"

"फ्लॅट विकतोय. परवा कागद होणार. मी तिकडंच येतो. कायमचा."

तिचा चेहरा हललाच नाही. मला वाटलं फोन अडकला. मग म्हणाली, "सगळं ठरलं?"

"ठरलं."

"बरं," म्हणाली. आणि ठेवला.

आनंद झाला नाही तिला. माझं येणंही नकोय का? मग कुणासाठी विकतोय मी हे?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बेल वाजली. दलाल लवकर आला म्हणून दार उघडलं. मीना.

एका हातात बॅग, दुसऱ्या हातात टोपली, सुतळीनं बांधलेली. रात्रीच्या गाडीनं आलीय. एकटी. मी दारातच उभा, बाजूला व्हायचंही सुचेना.

"आत येऊ का विकलंय?" म्हणाली.

आत आली. स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडली, ओट्यावरून हात फिरवला. मग तिथंच खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली. मी एवढं बोलताना तिला कधी ऐकलं नाही.

"टोपली आली आणि मी रडले. कशाला ठाऊक? म्हटलं, सामान लावून घे म्हणतायत. म्हंजे आता तिथंच राहायचं. येऊ नको म्हणतायत."

"अगं, मला वाटलं, तुला तिथं एक कप्पा पण नाही—"

"मला तिथं कप्पा नको होता."

मी खाली बसलो. फरशीवरच.

"दोन वर्षं होत आली, वाट बघतेय," ती म्हणाली. "कधी म्हणाल, बास झालं, चल घरी. दिवाळीला आलात, तेव्हा बॅग भरलेलीच होती माझी. तुम्ही काही बोलला नाहीत. आणि आता घरच विकायला काढलंय. मग मी यायचं कुठं?"

म्हटलं, "मला वाटलं, तुझी ओढाताण होईल."

"ती होतच होती."

अवनीचं विचारलं. "बोलत नाही," म्हणाली. "पाळणाघर बघितलंय कोपऱ्यावर. कालच सोडली सईला. रडली. मी बाहेर उभी होते, आत जायचं नाही असं त्यांनी सांगितलेलं. मग गप्प झाली. मग मी रडले."

दहाच्या सुमारास दलाल आला. मीनानं दार उघडलं. मी उठेपर्यंत तिचा आवाज ऐकला.

"घर विकायचं नाही."

"पण काकू, साहेबांनी शब्द दिलाय..."

"साहेबांनी मला विचारलं नव्हतं."

आणि दार लावलं. त्या नव्या जोडप्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण उठून दार परत उघडलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी जेवून मीना जरा पडली. मी बाजूला पेपर धरून बसलो होतो. वाचत नव्हतो, तिच्याकडं बघत होतो. झोपेतच तिनं कूस बदलली, हात पलंगाच्या रिकाम्या कडेवर फिरवला, काहीतरी चाचपल्यासारखा. डोळे मिटलेलेच.

"अहो, सई उठली का?"